समुद्रापलीकडचा वारसा

१९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातील सुशिक्षित तरुणांना त्या देशाची दारे मोकळी झाली, त्यानंतरच्या दशकात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन जी मुले तिकडे गेली ती आज ऐंशीच्या घरात पोहोचली आहेत. बहुतेकांनी तेथे संसार मांडले, १९८१ साली शिकागो येथे बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे केले, गणेशोत्सव रुजवले आणि आपली मिळकत आपल्या मुलानातवंडांच्या नावे करून ठेवली. परंतु काही अविवाहित राहिले, काहींना अपत्य झाले नाही, आणि काहींनी आयुष्यभर मनाने पुणे सोडलेच नाही. अशा एखाद्या गृहस्थाच्या निधनानंतर, दुःखाचा पहिला आवेग ओसरल्यावर काही आठवड्यांनी, सदाशिव पेठेतील पुतण्याकडे किंवा कोथरुडातील बहिणीकडे तेथल्या वकिलाचे पत्र येते, आणि ज्यांनी कधी परदेशी नोट हातात धरली नाही अशी साधी माणसे एकमेकांना विचारू लागतात, की यातले सरकार किती नेणार.

या प्रश्नाचे भारतापुरते उत्तर एका शब्दात देता येते : काही नाही. इच्छापत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेवर, ती देशातील असो वा परदेशातील, आणि मृत व्यक्ती नात्याने कितीही दूरची असो, घेणाऱ्याला आपल्याकडे प्राप्तिकर द्यावा लागत नाही. पन्नास हजार रुपयांहून अधिक रक्कम विनामोबदला मिळाली तर ती उत्पन्न समजावी असा जो नियम १९६१ च्या आयकर कायद्यात होता त्यातून वारसा स्पष्टपणे वगळलेला होता, आणि १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यातही कलमांचे क्रमांक बदलले तरी हे तत्त्व कायम आहे. उत्तर खरे आहे. पण ते ऐकून निर्धास्त झालेला वारसच पुढे अडचणीत येतो, असे आपल्याला वारंवार आढळते. कर वारसा मिळण्याच्या क्षणी लागत नाही. तो त्या क्षणाच्या आधी परक्या देशात लागतो, त्या क्षणानंतर आपल्या देशात लागतो, आणि करापेक्षाही जड असा एक भार, मालमत्ता उघड करण्याचा, मधल्या काळात मुकाट्याने वारसाच्या माथी येऊन बसतो.

मृत्यूवर कर ही कल्पना आपल्याला सर्वस्वी परकी नाही. मराठ्यांच्या राज्यात वतनदार किंवा सरंजामदार निवर्तला म्हणजे त्याच्या वारसास सरकारात नजर भरून वतन आपल्या नावे चालवून घ्यावे लागे. स्वतंत्र भारतात १५ ऑक्टोबर १९५३ रोजी इस्टेट ड्यूटीचा कायदा अमलात आला, तेव्हा अर्थमंत्रिपदी रायगड जिल्ह्यातील नाते या गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते, ज्यांनी पुढे १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्या पदाचा त्याग केला. मोठ्या संपत्तीचे अंश पिढीमागून पिढी समाजाकडे परत यावेत हा त्या कायद्यामागील हेतू उदात्त होता यात शंका नाही, आणि त्याचा सर्वोच्च दर पुढे शेकडा ८५ पर्यंत चढला. पण प्रत्यक्ष वसुली इतकी तुटपुंजी राहिली, की १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी या कराचे उत्पन्न अवघे वीस कोटींच्या आसपास असल्याचे आणि त्या मानाने त्याच्या अंमलबजावणीचा खर्च फार असल्याचे सांगून तो बंद केला. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या कोणत्याही मृत्यूवर भारतात हा कर नाही. पुढे १९९८ साली दानकर गेला, २०१५ च्या वित्त कायद्याने संपत्तिकरही गेला.

पुष्कळ देशांनी मात्र आपले अनुकरण केलेले नाही, आणि मृत व्यक्ती ज्या देशाची रहिवासी होती त्या देशाचा हिशेब आधी चुकता झाल्याशिवाय वारसाच्या हाती काही येत नाही. हे समजण्यासाठी एक काल्पनिक पण अगदी संभवनीय उदाहरण घेऊ. कोथरुडात राहणारी एक निवृत्त शिक्षिका. तिचा वडील बंधू न्यू जर्सीतील एडिसन या गावी, जेथे आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे, अविवाहित अवस्थेत निवर्तला. मागे राहिले ते बँकेतील ८०,००० डॉलर, १,२०,००० डॉलरचे अमेरिकी कंपन्यांचे शेअर आणि निवृत्तिखात्यातील १,००,००० डॉलर, एकूण तीन लाख. अमेरिकेच्या संघीय शासनाचा इस्टेट कर तेथल्या नागरिकाच्या बाबतीत २०२५ साली १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलरपर्यंत माफ होता आणि २०२६ पासून ही मर्यादा दीड कोटी डॉलर झाली आहे, म्हणून त्याची चिंता बहिणीला नाही. परंतु न्यू जर्सी हे राज्य स्वतंत्रपणे वारसाकर घेते, आणि तो मृताशी असलेल्या नात्यावर ठरतो. पत्नी, मुले आणि आईवडील यांना तो माफ; भावंडांना पहिले २५,००० डॉलर वगळून पुढील पावणेअकरा लाख डॉलरपर्यंत शेकडा ११; आणि पुतण्या-भाच्यांना पहिल्या डॉलरपासूनच, म्हणजे पाचशे डॉलरच्या वर रक्कम गेली की, शेकडा १५. आपल्या शिक्षिकेच्या वाट्याला, खर्चाच्या वजावटी बाजूला ठेवल्या तर, ३०,२५० डॉलरचा कर येतो. तीच मिळकत भाच्याला मिळाली असती तर तो ४५,००० भरता. ही रक्कम मृत्यूपासून आठ महिन्यांच्या आत भरावयाची असते, आणि तेथील कर खात्याचा दाखला मिळेपर्यंत बँक निम्म्याच्या वर रक्कम सोडत नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मुलांनाही शेकडा साडेचार आणि भावंडांना शेकडा १२ भरावे लागतात. उलट अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत असा कर मुळीच नाही, म्हणून भाऊ कोणत्या राज्यात राहत होता हा प्रश्न तो अमेरिकेत राहत होता यापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

निवृत्तिखात्याची गोष्ट आणखी निराळी आहे. त्या खात्यातील पैशांवर भावाने हयातीत प्राप्तिकर भरलेलाच नसतो, म्हणून ते पैसे परदेशस्थ वारसाला देताना सर्वसाधारणपणे शेकडा ३० कापून घेतले जातात. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा १९८९ चा करार आहे तो उत्पन्नावरील कराचा आहे, मृत्यूवरील कराचा नव्हे. तेव्हा या कपातीबाबत त्याचा आधार शोधता येतो, वारसाकराबाबत मुळीच नाही.

ब्रिटनमध्ये ३,२५,००० पौंडांच्या वरच्या मिळकतीवर शेकडा ४० कर आहे, आणि तो वारसांनी नव्हे, तर वाटणीपूर्वी इस्टेटीतून भरला जातो. त्या देशाशी भारताने १९५६ साली मृतांच्या इस्टेटीवरील दुहेरी कर टाळण्याचा एक करार केला होता, आणि आपला कर बंद होऊन चाळीस वर्षे लोटली तरी तो करार रद्द झालेला नाही; आयुष्यभर लंडनमध्ये राहूनही कायद्याच्या दृष्टीने ज्याचा मूळ अधिवास भारतातच राहिला अशा माणसाच्या पुण्यातील घराला त्या जुन्या कागदाचे संरक्षण आजही मिळू शकते. जर्मनीत, जिकडे आता पुण्याच्या तरुण अभियंत्यांचा मोठा ओघ आहे, भावंडे व भाचे यांना फक्त २०,००० युरो माफ आहेत आणि त्यापुढे शेकडा १५ पासून ४३ पर्यंत कर आहे. मुलाच्या पश्चात आईवडिलांवर वारसा घेण्याची दुर्दैवी वेळ आली तर त्यांना एक लाख युरोपर्यंत सूट आहे. सिंगापूरने हा कर २००८ साली रद्द केला. कॅनडात वारसाकर नाही, पण मृत्यूच्या दिवशी माणसाने आपली सर्व मालमत्ता विकली असे मानून तिच्या नफ्यावर प्राप्तिकर घेतात.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण पुण्यातील वारसाचे खरे हाल येथे होतात. इच्छापत्र केलेले असेल तर त्यात नेमलेला व्यवस्थापक न्यायालयाची मान्यता घेऊन सर्व कामे पाहतो. इच्छापत्र नसेल तर तेथील न्यायालयाने प्रशासक नेमावा लागतो, त्याच्याकडून जामीनकी मागितली जाते, आणि बहिणीला ती बहीण आहे हे सिद्ध करावे लागते. हे शेवटचे काम वाटते तितके सोपे नाही. पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली. त्याआधी जन्मलेल्या पिढीचे जन्मदाखले पुष्कळदा नसतातच, आणि असले तरी त्यांवर बाळाचे नाव नसते. त्यातून आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच नव्हे तर स्वतःचे नावही बदलण्याची चाल होती. भावाच्या जुन्या कागदांत बहीण माहेरच्या नावाने असते, तिच्या आधारकार्डावर सासरचे नाव असते, आणि या दोन नावांची बाई एकच आहे हे परक्या न्यायाधीशाला पटवून देण्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, विवाहाचा दाखला, राजपत्रातील नोंद आणि शपथपत्र यांची साखळी जोडावी लागते. भारत २००५ साली हेगच्या अपोस्टिल करारात सामील झाल्यापासून अशा दस्तऐवजांवर परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का पुरतो, वकिलातीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत, ही त्यातली एक सोय.

भारतातल्या मिळकतीसाठी वारस म्हणून नाव लागावे याकरिता शिवाजीनगरच्या न्यायालयातून जो वारस दाखला घेतात त्याचे मूळ १८२७ च्या मुंबई सरकारच्या आठव्या विनियमात आहे. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेल्या आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत तयार झालेला हा विनियम जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही महाराष्ट्रात अमलात आहे. परदेशातील बँकेला मात्र त्याचे महत्त्व नाही. स्थावराचे वारस ते स्थावर जेथे आहे तेथल्या कायद्याने, आणि जंगमाचे वारस मृताच्या अधिवासाच्या कायद्याने ठरतात, हे पुष्कळ देशांत मान्य असलेले तत्त्व आहे, म्हणून एडिसनच्या खात्यासाठी तेथल्याच न्यायालयाचा हुकूम लागतो. ज्याची मिळकत दोन देशांत आहे त्याने दोन देशांसाठी दोन स्वतंत्र इच्छापत्रे करावीत आणि एकाने दुसरे रद्द होणार नाही अशी शब्दयोजना करावी, हा सल्ला अनुभवी वकील कळकळीने देतात तो याचसाठी.

समजा, हे सर्व सोपस्कार पार पडले आणि मिळकत शिक्षिकेच्या नावे झाली. ती भारतात आणलीच पाहिजे असे बंधन नाही. १ जून २००० पासून अमलात असलेल्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या सहाव्या कलमाचे चौथे उपकलम असे सांगते, की परदेशात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने आलेले चलन, रोखे किंवा स्थावर भारतातील रहिवाशाला परदेशात बाळगता येते, विकता येते आणि पुन्हा गुंतवताही येते. त्याआधीच्या १९७३ च्या कायद्याच्या काळात परकीय चलन जवळ असणे हाच जणू गुन्हा होता, आणि त्या दहशतीच्या आठवणीमुळे आजही कित्येक वृद्ध मंडळी परदेशी खात्याबद्दल घरातही मोकळेपणाने बोलत नाहीत. हा अबोलाच आता घातक झाला आहे.

कारण १ जुलै २०१५ पासून अमलात आलेला काळ्या पैशाविषयीचा कायदा. भारतात सामान्यपणे राहणाऱ्या माणसाची परदेशात कोणतीही मालमत्ता असेल तर त्याने ती आपल्या आयकर विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’ या परिशिष्टात दाखवलीच पाहिजे, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले तरी त्यासाठी विवरणपत्र भरलेच पाहिजे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिक्षिकेने आजवर ‘सहज’ हा सोपा नमुना भरला असेल. वारसा आल्यापासून तो तिला चालत नाही, दुसऱ्या क्रमांकाचा नमुना घ्यावा लागतो. त्या परिशिष्टात खात्याचा देश, बँकेचे नाव व पत्ता, खाते क्रमांक, खाते उघडल्याची तारीख, वर्षातील सर्वाधिक शिल्लक, अखेरची शिल्लक आणि मिळालेले व्याज असे एकेक रकाने असतात. रुपयांत रूपांतर स्टेट बँकेच्या खरेदी दराने करावयाचे असते. आणि विवरणपत्र एप्रिल ते मार्चचे असले तरी हे परिशिष्ट मात्र जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचे असते. या शेवटच्या फरकाने भल्याभल्यांचा घोटाळा होतो. माहिती दिली नाही तर दंड दहा लाख रुपये. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावराखेरीज अन्य परदेशी मालमत्तांची एकूण किंमत वीस लाखांपर्यंत असेल तर हा दंड होत नाही. पण तीन लाख डॉलरच्या वारसाला आणि परदेशातील लहानशा घराच्या मालकालाही या सवलतीचा उपयोग नाही. सरकारला कळणार कसे, असे मनात आणण्यातही अर्थ नाही : अमेरिकेशी २०१५ च्या करारान्वये आणि अन्य देशांतील बँकखात्यांबाबत २०१७ पासून देशादेशांमधील परस्पर माहितीच्या देवघेवीने खात्यांचे तपशील आयकर खात्याकडे आपोआप येत आहेत.

जो पैसा लपवण्यासाठी बाहेर गेला त्याच्यासाठी हा कायदा केला गेला आणि तो कठोर असावा हे योग्यच आहे. परंतु ज्या वारसाने काही लपवले नाही, ज्याच्या भावाने परदेशात घाम गाळून, तेथला कर भरून पैसा साठवला, त्याने केवळ अज्ञानाने एक रकाना कोरा सोडला तर त्यालाही तीच शिक्षा व्हावी, हे न्यायाला धरून नाही असे माझे स्पष्ट मत आहे. दंड करावा की नाही हे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेले आहे. तेवढ्यावर सत्तरीच्या माणसाची झोप अवलंबून राहू नये. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पहिल्याच वर्षी, पैसे हाती येण्याची वाट न पाहता, हक्क निश्चित होताच ते परिशिष्ट भरून टाकावे.

उत्पन्नाचा नियम सोपा आहे. वारशाने आलेल्या खात्यावरील व्याज, शेअरवरील लाभांश, घराचे भाडे हे सर्व वारसाचे उत्पन्न होय आणि ते भारतात करपात्र आहे. परदेशात त्यावर कर कापला गेला असेल तर विहित नमुना मुदतीत भरून त्याची वजावट मिळते. विक्रीचा नियम मात्र अवघड आहे आणि तेथे मोठी रक्कम जाऊ शकते. अमेरिकेत मृत्यूच्या दिवशीची बाजारकिंमत हीच वारसाची खरेदी किंमत मानतात, त्यामुळे भावाच्या हयातीत झालेली वाढ तेथे करमुक्त होते. भारतात तसे नाही. येथे मूळ मालकाने ज्या किमतीला वस्तू घेतली तीच वारसाची किंमत. भावाने २००५ साली ३०,००० डॉलरला घेतलेले शेअर त्याच्या मृत्यूसमयी १,२०,००० चे झाले आणि बहिणीने ते १,२५,००० ला विकले, तर अमेरिका तिच्याकडे काही मागत नाही, पण भारतात ९५,००० डॉलरचा दीर्घकालीन नफा धरला जाऊन त्यावर साडेबारा टक्के, म्हणजे ११,८७५ डॉलर आणि वर उपकर, असा भार येतो. हेच शेअर वाटणीपूर्वी तेथल्या व्यवस्थापकाने इस्टेटीच्या नावानेच विकले असते आणि बहिणीकडे रोकड आली असती, तर तो वारसा रोख रकमेचा ठरला असता. वकिलाच्या पहिल्या पत्राला उत्तर देण्यापूर्वीच, म्हणूनच, दोन्ही देशांच्या करसल्लागारांना एकत्र बोलते करावे. आणि भावाच्या खरेदीचे जुने कागद, ते निरुपयोगी वाटले तरी, मागवून घ्यावेत. घराच्या बाबतीत एवढी सवलत आहे, की परदेशातील घर विकून आलेला नफा विहित मुदतीत भारतात राहते घर घेण्यात घातला तर त्या प्रमाणात कर वाचतो.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी आजारी माणूस इच्छापत्राची कटकट नको म्हणून हयातीतच पैसे पाठवून देतो. काका, मामा, आत्या किंवा मावशी यांच्याकडून आलेली देणगी करमुक्त आहे. परंतु चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांचा कायद्याने सांगितलेल्या नातेवाइकांच्या यादीत समावेश नाही, आणि पुतण्याने काकाला पाठवलेले पैसेही त्या यादीत बसत नाहीत. अशी देणगी वर्षात पन्नास हजारांपलीकडे गेली की ती संपूर्ण रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न होते. तीच रक्कम त्याच मामेभावाने इच्छापत्राने ठेवली असती तर एक पैसा कर लागला नसता.

अखेरीस ज्या संकटाचा विचार सहसा कोणी करीत नाही त्याविषयी. शिक्षिकेने भावाची आठवण म्हणून ते शेअर न विकता अमेरिकेतच राहू दिले, असे धरू. भाऊ अमेरिकेचा नागरिक होता, म्हणून त्याला दीड कोटी डॉलरच्या आसपासची सूट होती. ती स्वतः त्या देशाच्या दृष्टीने परकी आणि अनिवासी आहे, आणि अशा माणसाच्या अमेरिकेतील मालमत्तेला फक्त ६०,००० डॉलरपर्यंत सूट असून पुढे शेकडा ४० पर्यंत चढणारा इस्टेट कर आहे. तिच्या पश्चात तेच १,२०,००० डॉलरचे शेअर तिच्या मुलांकडे यावयाचे तर, वजावटी सोडून ढोबळ हिशेबाने, १६,८०० डॉलर तेथल्या खजिन्यात भरावे लागतील, मृत्यूपासून नऊ महिन्यांत वेगळे विवरणपत्र द्यावे लागेल, आणि ते दिल्याचा दाखला येईपर्यंत दलाल कंपनी शेअर हस्तांतरित करणार नाही. बँकेतील साध्या ठेवींना, त्या परक्या अनिवासी व्यक्तीच्या असतील तर, हा कर लागत नाही. म्हणून वारशाने आलेले अमेरिकी शेअर वेळीच विकून ते पैसे बँकेत ठेवावेत, किंवा पुण्यातील बँकेत निवासी परकीय चलन खाते उघडून डॉलरमध्येच इकडे आणावेत. वारशाची रक्कम अशा खात्यात जमा करण्यास परवानगी आहे, आणि त्या खात्याच्या वारसांना एडिसनला पत्र लिहावे लागत नाही.